भेंडीच्या मळ्यातले मूळ इंजिन

श्री. दिनकरराव ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट एका बातमीच्या निमित्ताने झाली आणि ती बातमी अखेर छापून आली नाही. दोन हजार एक-दोनच्या सुमाराची गोष्ट. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीतल्या एका सोसायटीच्या आवारात विलायती स्पोर्ट्स गाडी उभी आहे, दोन माणसांची, उघड्या टपाची, असे कोणीतरी आमच्या कचेरीत सांगितले. रविवारच्या पानासाठी संपादकांना फोटो हवा होता आणि अंबरनाथ-बदलापूरचा वार्ताहर मी, म्हणून मला धाडले. ओव्हाळसाहेबांनी ताडपत्री बाजूला केली. रंग उडाला होता, पण बांधा देखणा होता. मी म्हटले, “इंजिनाचा एक फोटो घेऊ या.” त्यांनी जराही न संकोचता बॉनेट उघडले. आत कांदे होते.

“हवा खेळती राहते तिथे,” जिन्यात उभ्या असलेल्या सुशीलाताई, म्हणजे सौ. ओव्हाळ, म्हणाल्या. “बटाटे डिकीत आहेत. तेही येऊ देत फोटोत.”

“आणि इंजिन?” मी विचारले.

“शोधतोय,” ओव्हाळसाहेब म्हणाले. बसमध्ये विसरलेल्या छत्रीबद्दल बोलावे तितक्या शांतपणे.

संपादकांनी कांद्यांचा फोटो छापला नाही. मी मात्र त्या घरी जात राहिलो. आता साहेबांच्या एकसष्टीच्या ग्रंथात ‘छंद’ या विभागासाठी मी लिहावे, असे गौरव समितीने ठरवले आहे. हा शब्द साहेबांना रुचणार नाही. छंदात माणूस हसतखेळत असतो आणि हे गृहस्थ गाडीजवळ गेले की परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. पण मी ज्या संस्कृत पाठशाळेत शिकलो तिथे छंद म्हणजे वृत्त, आणि वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे झालेली चालत नसे. त्या अर्थाने समितीचा शब्द ठीक आहे.

गाडीची हकिकत थोडक्यात सांगतो. उल्हासनगरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या कुटुंबाकडून साहेबांनी ती घेतली. पेट्रोल महागले त्या काळात त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिचे मूळ इंजिन काढून विकले आणि त्या जागी टेम्पोचे डिझेल इंजिन बसवले. गाडी चालत असे. फक्त चालताना पिठाची गिरणी रस्त्याला लागल्यासारखा आवाज येई. ओव्हाळसाहेबांनी गाडी घरी आणली आणि पहिल्याच आठवड्यात ते चालू इंजिन उतरवून देऊन टाकले. शेजारी हळहळले. “इंजिनात खोट नव्हती,” साहेब सांगत, “पण ते तिचं नव्हतं.” गाडीचा जीर्णोद्धार ती बंद पाडून सुरू करणारे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

साहेब अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे प्रमुख होते. त्याविषयी त्यांचे सहकारी याच ग्रंथात अधिकाराने लिहितील. मी फक्त एक ऐकीव प्रसंग नोंदवतो. माल भरायला ट्रक दारात उभा होता आणि साहेबांनी शाफ्टांचा एक अख्खा लॉट नापास केला. मॅनेजर धावत आले. “ओव्हाळ, अहो केसाएवढा फरक आहे!” साहेब म्हणाले, “मग केसाएवढंच काम राहिलंय. करून घेऊ.” ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. मॅनेजरांनी पुढे हाच किस्सा नव्या मुलांना अभिमानाने सांगायला सुरुवात केली आणि त्यात केसाएवढा फरक स्वतःच्याच नजरेस आल्याचे सांगितले, असेही ऐकतो. तपासण्याची सोय नाही.

पाठशाळेत आम्हाला जुन्या पोथ्यांच्या नकला समोर ठेवून मूळ पाठ ठरवायला शिकवत. नक्कल करणाऱ्याला जे अडले ते तो सोपे करून लिहितो, म्हणून जिथे सगळे सुरळीत लागते तिथे अधिक संशय घ्यायचा, असा नियम होता. इंजिनाच्या सुट्या भागांबाबत ओव्हाळसाहेबांचे धोरण हेच. बसतो म्हणून तो मूळचा नव्हे. चालतो म्हणूनही नव्हे. भाग त्या वर्षीच्या, त्याच मॉडेलच्या इंजिनासाठी ओतलेला हवा. त्यांच्याबरोबर उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात हिंडताना मला पाठशाळेत परतल्यासारखे वाटे. चहा मात्र इथे चांगला मिळे.

त्या बाजारात परसराम शेठ यांचे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. एका दुपारी आम्ही शिरलो तसे ते गादीवरूनच ओरडले, “आओ साईं, आओ! ओव्हाळसाब, तुमच्यासाठीच बाजूला काढला. डिस्ट्रिब्यूटर. एकदम ओरिजिनल. डब्बा कंपनीचा, सीलसुद्धा कंपनीचं.”

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटून देणारा भाग. साहेबांनी चष्मा बदलला, भाग हातात फिरवला, ओतीव अक्षरांवरून नख ओढले आणि तो परत ठेवला.

“डबा खरा आहे,” ते म्हणाले.

“मैं बोला ना!”

“मग डबाच द्या. आतला राहू दे.”

परसराम शेठ पोट धरून हसले. “साईं, आप जैसे दो कस्टमर और आ गए, तो मैं दुकान बंद करके सत्संग में बैठूंगा.” मग चहा आला आणि चहाबरोबर काउंटरच्या खालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा डिस्ट्रिब्यूटर आला, काळा, तेलकट, बिनडब्याचा. “हा बघा. हा मी कोणाला दाखवत नाही,” शेठ म्हणाले. खोटा माल विकणाऱ्याला खरा ओळखता यावाच लागतो, नाहीतर चुकून खराच विकला जायचा. साहेबांनी त्या दिवशी तो घेतला नाही. पहिल्या भेटीत ते काहीच घेत नसत. पत्रिकेवर तिळमात्र विश्वास नसलेले हे बौद्ध गृहस्थ प्रत्येक भागाची मात्र साद्यंत पत्रिका मागत: ओतकामाचा क्रमांक कोणता, कुठल्या गाडीतून निघाला, ती गाडी कोणाची, ती भंगारात का गेली. घरी येऊन विचार करत, पुन्हा जाऊन बघत. “मला बघायला आले तेव्हा एवढं बघितलं नव्हतं,” असे सुशीलाताईंचे यावरचे भाष्य आहे.

अशा रीतीने, इंजिनाचा पत्ता नसताना, त्यांनी त्याचे भाग जमवले: तो डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटरची जोडी आणि सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे हेड. इंजिनाच्या माथ्यावर झाकणासारखा बसणारा, झडपा सांभाळणारा हा बिडाचा जड भाग. त्या मॉडेलच्या गाड्या आपल्याकडे मुळात थोड्या आल्या आणि बहुतेक भट्टीत वितळल्या. त्यातून वाचलेले हे एक हेड परसराम शेठनीच कुठूनसे आणून दिले. साहेबांनी सगळे भाग तेल लावून, जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून एका लोखंडी पेटीत ठेवले आणि पेटी पलंगाखाली. मांजर्लीत नदीचे पाणी शिरले त्या वर्षी लोक टीव्ही आणि गाद्या वरच्या मजल्यावर चढवत होते आणि ओव्हाळसाहेब ही पेटी. “मला म्हणाले, तू चालत येशील ना?” सुशीलाताई अजून सांगतात. साहेब यावर खुलासा देत नाहीत. त्यांच्या मते प्रश्न रास्त होता.

त्यांच्या परोपकाराविषयीही लिहिले पाहिजे, कारण मी त्यात सापडलेलो आहे. आमच्या घरचा मिक्सर बिघडला तेव्हा ते आपणहून आले, उघडून बसले आणि म्हणाले, “एक स्क्रू चुकीचा आहे, कोणीतरी बदललेला.” योग्य स्क्रू मिळेपर्यंत मिक्सर जोडायला त्यांनी नकार दिला. तो मिळेपर्यंत आमच्याकडे चटणी पाट्यावर वाटली गेली. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना निरोप पाठवला, की भाऊ, चुकीचा स्क्रूच बरा होता. पण मिक्सर आजही चालतो आहे आणि तक्रार करायला जागा उरलेली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नदीत माजलेल्या जलपर्णीवर बातमी करायला मी एका हिवाळ्यात बदलापूरच्या पलीकडच्या एका गावी गेलो होतो. तिथे बाळाराम भोईर यांचा नदीकाठी भाजीचा मळा आहे. त्यांच्याकडे विजेची मोटर होती, पण भारनियमनामुळे तिचे अस्तित्व बव्हंशी तात्त्विक होते. पाणी ओढत होते ते एका झोपडीतले जुने इंजिन, रॉकेलवर चालणारे. भोईर सहज म्हणाले, “मोटारगाडीचं हाय ते. बापानं उल्हासनगरच्या मिस्तरीकडनं आनलेलं.” मी ही माहिती ओव्हाळसाहेबांना फोनवर तितक्याच सहज सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. पायात बूट होते, हातात टॉर्च आणि चेहऱ्यावर परीक्षा.

मळ्यात पोचल्यावर जयभीम, रामराम झाला. इंजिनाच्या कुशीवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे बोटभर जाडीचा लाल-काळा थर होता.

“दसऱ्याचं कुंकू,” भोईर म्हणाले. “तेलात कालवून लावतो. बाप लावायचा, आता मी लावतो. म्हातारा म्हनतो आमी त्याला.”

“थोडं खरवडू का?” साहेबांनी विचारले.

“पूजेचं कुंकू काढाल?”

“परत लावून देतो.”

ज्यांनी जन्मात यंत्राला कुंकू लावले नाही त्यांनी हे वचन दिले आणि निघण्यापूर्वी पाळले. दरम्यान त्यांनी लाकडाच्या कपच्यांनी थरामागून थर काढले. खाली धातू कालच घडवल्यासारखा निघाला. आकडे एकेक करून दिसू लागले. गाडीच्या जुन्या नोंदणीपुस्तकात पहिल्या इंजिनाचा जो नंबर होता तो साहेबांना पाठ होता. त्यांनी शेवटचा आकडा पुसला, बांधावर जाऊन बसले आणि पाणी मागितले. तेव्हा मला कळले.

नदीकाठच्या दमट हवेत तो नंबर केव्हाच गंजून गेला असता. तेलकुंकवाने तो राखला. साहेबांनी हे प्रांजळपणे मान्य केले. “पूजेचा हा उपयोग मला माहीत नव्हता,” ते म्हणाले.

“खरं सांगू का?” भोईर म्हणाले. “मलाबी नवता.”

मग साहेबांनी प्रस्ताव मांडला. बदल्यात नवा कोरा डिझेल पंप, बसवून. भोईरांनी तंबाखू मळत ऐकून घेतले.

“नवा पंप बिघाडला तर मिस्तरी कल्यानवरून येनार, तो सांगल त्या दिवशी. हा बिघाडला तर माझा मी करतो. बापाचा हाय. चालू हाय तवर नाय देनार, साहेब. बंद पडला का तुमचा. शब्द दिला.”

“बरोबर आहे,” ओव्हाळसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांचा शोध, आणि त्यावर दोन शब्द. परत येताना मी त्यांना म्हटले, आणखी थोडी घासाघीस करायला हवी होती. ते म्हणाले, “कशावर? चालू आहे ना ते.”

पुढे रविवारी ते मळ्यावर जाऊ लागले. काही करायला नव्हे. नुसते बघायला, ऐकायला. “सासरी दिलेल्या मुलीला भेटून यावं तसे जातात,” सुशीलाताई सांगत. “आणि येताना भेंडी आणतात. बॉनेटखाली जागा नाही म्हटलं आता.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भेंडी आणि काकडी ऐन तोडणीला आली असताना, जलपर्णीने पंपाचे तोंड बुजले. इंजिन थंड ठेवायचे पाणी त्याच पंपातून येत असल्याने तेही थांबले. इंजिन तापले आणि हेडला तडा गेला. साहेबांनीच ते अंबरनाथला नेऊन जोडून घ्यायचा प्रयत्न केला. बिडाचा जोड, तापताच पुन्हा उकलला. तशा दुसऱ्या हेडसाठी परसराम शेठना विचारले, तर ते म्हणाले, “साईं, एक था. वो आपके पलंग के नीचे है.” इकडे मळा सुकू लागला होता. वीज येई ती भेंडीला उपयोग नसलेल्या वेळी आणि जाई ती वेळेवर.

भोईरांचा फोन आला तेव्हा मी ओव्हाळांच्या घरीच होतो. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “साहेब, म्हातारा गेला. बोललो तसा तुमचा झाला. टेम्पो घेऊन या. मी यंदाचा मळा सोडतो, बघू फुडं.”

साहेबांनी फोन ठेवला. सुशीलाताई म्हणाल्या, “आणा एकदाचं घरी. कांदे हलवते.” साहेब पलंगाखाली वाकले आणि पेटी ओढू लागले.

“पेटी कशाला? इंजिन इथेच येणार ना?” मी विचारले.

“हेड न्यायचंय.”

“साहेब, इंजिन आता आपलं आहे. भोईर स्वतः म्हणाले.”

“बंद पडलं की आपलं, असं ठरलंय.”

“बंदच पडलंय की!”

“हेड नाही म्हणून बंद आहे,” एखाद्या नव्या निरीक्षकाला समजवावे तसे ते मला म्हणाले. “हेड माझ्याकडे आहे. मग ते बंद पडलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?”

युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता आणि मला त्यात फट सापडेना. सुशीलाताईंनी पेटीचे दुसरे कडे धरले.

टेम्पो मळ्यात आला तेव्हा भोईर नटबोल्ट सैल करून, दोर बांधून इंजिन उचलायच्या तयारीत उभे होते. टेम्पोतून पेटी उतरली. साडीच्या घड्या उलगडून साहेबांनी हेड बाहेर काढले. भोईर ते बघत राहिले.

“हे आनलं कुठनं?”

“होतं घरी. याला इंजिन शोधत होतो.”

“आनि गाडीला मंग काय घालनार?”

“पाना द्या तो,” साहेब म्हणाले.

ते बसवायला दुपार लागली. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेले हेड त्या ब्लॉकवर असे बसले की दोघांनाही जोर लावावा लागला नाही. भोईरांनी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला म्हातारा खोकला, तिसऱ्याला बोलू लागला आणि थोड्या वेळाने पाटात पाणी आले. अशा वेळी माणसे डोळे टिपतात वगैरे लिहायची पद्धत आहे. ओव्हाळसाहेब कान देऊन ऐकत होते. “एक झडप किंचित वाजतेय,” ते म्हणाले, “पुढच्या रविवारी बघतो.”

“साहेब,” भोईरांनी हात पुसत विचारले, “आता हा कोनाचा झाला?”

“चालू आहे ना? मग तुमचा.”

त्या वर्षी भोईरांचा मळा वाचला. पण गोष्ट हेडवर थांबली नाही. खऱ्या हेडशेजारी कुठल्याशा टेम्पोचा डिस्ट्रिब्यूटर साहेबांना बघवेना. तो बदलून परसराम शेठचा तो काळा, बिनडब्याचा बसवला. मग कार्बोरेटर. पंपाला एकच पुरतो, म्हणून जोडीतला दुसरा तेवढा पेटीत एकटा आहे. मागच्या वर्षी मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. त्यांनी गाडी पाहिली, पुस्तक पाहिले आणि अदबीने विचारले, की मूळ इंजिन मिळाल्याचे ऐकतो, ते कुठे आहे? साहेब म्हणाले, “कामावर गेलंय.” पाहुण्यांना तो विनोद वाटला.

माझ्या मते आपल्या भागात इतक्या निर्दोष पाठाचे दुसरे इंजिन नसेल. नंबर मूळचा, हेड योग्य, ठिणगी योग्य. ते भेंडीला पाणी घालते. ते ज्या दिवशी कायमचे थांबेल त्या दिवशी साहेबांचे होईल, हा करार अजून शाबूत आहे. आणि ते थांबू नये म्हणून दर रविवारी जे गृहस्थ जातात ते करारातली दुसरी बाजू आहेत. स्वतःच्या इच्छेच्या पूर्तीला इतक्या नियमितपणे, स्वखर्चाने आणि तेलाचा डबा बरोबर घेऊन अडथळा करणारा माणूस मी वार्ताहर म्हणून तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यामुळे हा लेख संपवताना मी अडचणीत आहे. अशा लेखाच्या अखेरीस सत्कारमूर्तींचे मनोरथ पूर्ण होवोत असे लिहितात. इथे तसे लिहिणे म्हणजे भोईरांची भेंडी वाळो असे लिहिण्यासारखे आहे. म्हणून शुभेच्छांचा मजकूर मी भोईरांकडेच मागितला. ते लिहीत नाहीत, पण त्यांनी सांगितले ते तसेच देतो: “साहेबांना सांगा, म्हातारा बरा हाय. तुमी तब्येत सांभाळा, गोळ्या येळेवर घ्या, उन्हात टोपी घाला. तुमाला काय झालं तर ह्याच्याकडं बघनार कोन?”

ओव्हाळसाहेबांच्या दीर्घ आणि निरोगी आयुष्यासाठी या ग्रंथात पुष्कळ शुभेच्छा असतील. त्यांत इतका उघड स्वार्थ असलेली, आणि म्हणून इतकी भरवशाची, हीच एक असावी. तिच्याखाली मी माझे नाव जोडतो.